क्षितिजावरचे भोवरे: एका ऑनलाइन कोर्सचा अनुभव

पाइपांतल्या प्रवाहाची गणितं करण्यात माझी २२ वर्षं गेली. प्रवाह शांत आहे की खवळलेला हे सांगणारा रेनॉल्ड्स नंबर २००० च्या खाली असला की निश्चिंत, ४००० च्या वर गेला की घर्षणाचे तक्ते उघडायचे. गुरुत्वाकर्षण आणि टर्ब्युलन्स (प्रवाहाची भोवऱ्यांनी भरलेली खळबळ) यांच्या नात्यावरचा हा १२ व्याख्यानांचा कोर्स मी घेतला तो एकाच प्रश्नासाठी: माझं नेव्हिअर-स्टोक्स समीकरण, म्हणजे द्रवाच्या प्रवाहाचं समीकरण, कृष्णविवरात कुठून आलं?

उत्तर पाचव्या व्याख्यानात मिळतं, आणि तेवढ्या एका तासासाठीही कोर्स घ्यावा. भट्टाचार्य, ह्युबेनी, मिनवाला आणि रंगमणी यांचं २००८ साली प्रसिद्ध झालेलं काम शिकवणाऱ्या बाई फळ्यावर ओळीओळीने उलगडतात. सगळीकडे एकच तापमान, एकच वेग असलेलं कृष्णविवर घ्यायचं. मग दोन्ही जागोजागी हळूहळू बदलू द्यायचे. लगेच आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं बिघडतात. ती पुन्हा जुळवायला बसलं की एक अट निघते, आणि ती अट म्हणजेच द्रवाच्या प्रवाहाचं समीकरण! व्हिस्कॉसिटीही (द्रवाचा दाटपणा) बाहेरून घालावी लागत नाही. एन्ट्रॉपीच्या (अव्यवस्थेच्या मापाच्या) घनतेशी तिचं गुणोत्तर, योग्य एककांत, १/४π येतं. व्हिडिओ थांबवून मी हे वहीत केलं. तिसऱ्या प्रयत्नात चिन्हं जुळली. इतकी वर्षं जी राशी तक्त्यातून उचलली, ती त्या दिवशी भूमितीतून हाती आली. बराच वेळ मी नुसती वहीकडे बघत बसले.

तक्रार आहे ती दहाव्या व्याख्यानाबद्दल. पाइपात मोठे भोवरे फुटून लहान होतात आणि शेवटी त्यांची ऊर्जा उष्णतेत जिरते. द्विमितीय प्रवाहात उलटं: लहान भोवरे एकमेकांत मिसळून मोठे होत जातात. ॲडम्स, चेस्लर आणि लिऊ यांनी २०१३ मध्ये संगणकावर चार मितींच्या कृष्णविवरात (त्याच्याशी जोडलेला द्रव द्विमितीय असतो) हेच घडताना दाखवलं, आणि त्याच्या क्षितिजाला, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेला, फ्रॅक्टल (कितीही जवळून पाहिलं तरी तसंच खडबडीत दिसणारं) रूप येतं असं मांडलं. कोर्सच्या नावातला टर्ब्युलन्स खरा इथे आहे, आणि त्याला मिळतात जेमतेम २० मिनिटं!

शिवाय हे सगळं ऋण वैश्विक स्थिरांक (रिकाम्या अवकाशाची वक्रता ठरवणारी संख्या) असलेल्या अवकाशातलं आहे, आपल्या विश्वातलं नव्हे, हे अकराव्या व्याख्यानात कळतं. ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. गृहपाठाची उत्तरंही दिलेली नाहीत.

टेन्सर (वक्र अवकाशाच्या गणितात लागणाऱ्या राशी) येत नसतील तर आधी ते शिकून या. येत असतील तर वही घेऊनच बसा.