मुरगाव की कुवेत? रेल्वे-राजकारणावर लघुप्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

साम्राज्यांचं रेल्वे-राजकारण आणि त्यात सापडलेले छोटे प्रदेश, असा विषय घ्यायचं ठरलं की इतिहासाचे विद्यार्थी दोन नावांपाशी अडतात: गोव्यातलं मुरगाव आणि आखातातलं कुवेत. दोन्ही बंदरं, दोन्हींच्या मागे ब्रिटिश हिंदुस्थान सरकार, आणि दोन्हीकडचा पैसा रुपयांत मोजलेला. दोन्ही एकाच प्रबंधात कोंबू नका. कशातच खोल जाता येणार नाही.

मुरगावची सुरुवात लिस्बनमध्ये होते. 26 डिसेंबर 1878 रोजी तिथे ब्रिटन आणि पोर्तुगालचा करार झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्वो होते, तर ब्रिटनतर्फे तिथले राजनैतिक प्रतिनिधी रॉबर्ट मोरियर. वाचायला करार गोड आहे. मुरगावला बंदर आणि तिथून घाट चढून हद्दीपर्यंत रेल्वे पोर्तुगालने बांधायची, पुढचे रूळ ब्रिटिश हद्दीतून न्यायचे, आणि मधले जकातनाके उठवायचे. बदल्यात गोव्याची मिठागरं ब्रिटिशांच्या ताब्यात गेली, अबकारीची, म्हणजे दारूवरच्या कराची, पद्धत मुंबई इलाख्याच्या वळणावर आली आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला 4 लाख रुपये भरपाई ठरली. ब्रिटिशांना रेल्वेपेक्षा मीठ महत्त्वाचं होतं, असं माझं मत. त्यांच्या मुलखात मिठावर कर होता आणि गोव्याचं स्वस्त मीठ घाटवाटांनी वर चढत होतं. तो चोरटा धंदा हद्दीवर शिपाई उभे करून थांबत नव्हता, मग तो मिठागरातच थांबवला. किती मीठ पिकवायचं हे आता परका अंमलदार ठरवू लागला, आणि पिढ्यान्‌पिढ्या आगरात राबलेला माणूस बसून राहिला. माडी काढणाऱ्या रेंदेरांना अबकारीने घेरलं. पोटामागे मुंबईला निघालेल्या गोंयकारांच्या गोष्टीत हा करार येतो, पण तो एकटाच कारण होता असं लिहू नका. ती वाट आधीपासून चालती होती.

रेल्वेची कथा वेगळीच. कंपनी लंडनची, रूळ पोर्तुगीज हद्दीत आणि व्याजाची हमी लिस्बनच्या तिजोरीची. जेमतेम 51 मैलांचा मीटरगेज मार्ग, पण त्यात कुळे ते कॅसलरॉक हा घाट. 1888 पर्यंत गाडी वर पोहोचली आणि ब्रिटिश हद्दीतल्या सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली. आता हुबळी-धारवाडचा कापूस मुरगावला उतरेल, अशी आशा होती. पण त्याच सदर्न मराठा कंपनीचा पुणे-लोंढा मार्ग 1890 मध्ये पुरा झाला. पुण्याला गेज बदलत असल्याने माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे, तरी व्यापारी मुंबईकडेच वळला. मुंबईला पेढ्या होत्या, बोटी होत्या, विमा होता. मुरगावला नुसता धक्का होता. त्यातच जानेवारी 1890 मध्ये आफ्रिकेच्या भांडणावरून ब्रिटनने पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला आणि लिस्बनमध्ये ब्रिटिशद्वेष भडकला. अमलात आल्यापासूनची 12 वर्षांची मुदत संपल्यावर 1892 मध्ये करार गेला, जकातनाके परत आले आणि हमीचं व्याज मात्र पोर्तुगालच्या गळ्यात राहिलं. 1902 मध्ये रेल्वेचा कारभारही सदर्न मराठाकडे गेला.

कुवेतचं गणित उलटं आहे: तिथे रूळ आलेच नाहीत. 23 जानेवारी 1899 रोजी शेख मुबारक अल सबाह यांनी ब्रिटिशांशी गुप्त करार केला. ब्रिटिशांच्या संमतीवाचून जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, परक्या सत्तेचा प्रतिनिधी ठेवायचा नाही. मोबदला 15,000 रुपये. हो, रुपये, आखाताचा कारभार इराणमधल्या बुशहरच्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीमार्फत, हिंदुस्थान सरकारच पाहत होतं. (कुवेतचं स्वतःचं दिनार चलन थेट 1961 मध्ये आलं.)

पुढच्याच वर्षी जर्मनांचं शिष्टमंडळ कुवेतजवळ बगदाद रेल्वेचं, म्हणजे उस्मानी मुलखातून आखातापर्यंत आणायच्या जर्मन रेल्वेचं, शेवटचं स्थानक शोधत आलं. शेखांनी नाही म्हटलं. कशाच्या बळावर, हे पाहुण्यांना सांगता येण्याजोगं नव्हतं. 1907 मध्ये ब्रिटिशांनी कुवेतजवळच्या शुवैखची किनारपट्टी वर्षाला 60,000 रुपये देऊन भाड्याने अडवून ठेवली. 29 जुलै 1913 च्या ब्रिटिश-उस्मानी करारात कुवेत उस्मानी साम्राज्यातला स्वायत्त कझा, म्हणजे उपजिल्हा, ठरला. नकाशावर एक लाल वर्तुळ, शेखांच्या पूर्ण अंमलाचं, आणि त्याबाहेर एक हिरवं, त्यांना मानणाऱ्या टोळ्यांचं. महायुद्ध सुरू झालं आणि करार मंजूर व्हायचा राहिला. नोव्हेंबर 1914 मध्ये ब्रिटनने कुवेतला आपल्या संरक्षणाखालचं स्वतंत्र शासन म्हटलं, आणि 1922 मध्ये उकैरच्या करारात हिरव्या पट्ट्यातला बराच मुलूख शेजारच्या नज्दच्या इब्न सौदकडे गेला. बगदादची रेल्वे 1940 मध्ये पुरी झाली. कुवेतमध्ये आजही प्रवासी गाडी नाही.

आता निवड. भाषा हा पहिला अडसर. मुरगावला पोर्तुगीज लागतं. पणजीच्या पुराभिलेखागारात त्याशिवाय पान हलत नाही, नुसत्या मुंबईच्या इंग्रजी कागदांवर विसंबलात तर मिठागरवाल्याची बाजू निसटेल. कुवेतचं बरंचसं दप्तर इंग्रजीत आहे. लंडनच्या इंडिया ऑफिसच्या आखाती फायली कतार राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात घरबसल्या फुकट वाचता येतात. मात्र त्यात ब्रिटिश अंमलदारच बोलतो. अरबी किंवा उस्मानी तुर्की येत नसेल तर शेखांचा आवाज त्याच्याच तोंडून ऐकावा लागेल.

हाती सहाच महिने असतील आणि सार्वभौमत्व, संरक्षित राज्य, गुप्त करार अशा शब्दांत रस असेल, तर कुवेत घ्या. तिथे चार तारखा आणि एक नकाशा यांवर प्रकरणं उभी राहतात. जकात, मजुरी, मीठ, कापूस, स्थलांतर यांत जीव रमत असेल आणि वर्षभर हातात असेल, तर मुरगाव. मी स्वतः मुरगावच घेईन. कुवेतवर जगभर लिहून झालंय. आपल्या उशाशी असलेल्या या रेल्वेवर मराठीत मात्र फार थोडं सापडतं.

घेतलंत तर पुस्तकं उघडण्याआधी लोंढ्याहून वास्कोच्या गाडीत बसा. कॅसलरॉकला गाडी रेंगाळते, घाट उतरण्यासाठी जादा इंजिनं जोडली जातात, ब्रेक तपासले जातात. तेवढ्या वेळात फलाटावर उतरा. 1892 नंतर इथेच पुन्हा दोन सरकारांची हद्द लागत होती, आणि 1955 मध्ये पोर्तुगीज गोव्याच्या भारताने केलेल्या नाकेबंदीत गाडी थांबली ती याच सरहद्दीवर.