स्टोरीवीव्हर : रोज रात्री एक गोष्ट, फुकटात

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पुस्तकाचं दुकान नाही. लेक दुसरीत, पोरगा चार वर्षांचा. दिवाळीपासून मी दोघांना रोज रात्री मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवतो, प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या साइटवरून. ही साइट 2015 मध्ये सुरू झाली. मराठी गोष्टी भरपूर, पैसे लागत नाहीत आणि मोबाइलवर उतरवूनही ठेवता येतात. रेंज असते तेव्हा शेतातूनच मी चार-पाच गोष्टी उतरवून घेतो. मग रात्री लाइन गेली तरी वाचन थांबत नाही.

गोष्टींच्या सोप्यापासून अवघडपर्यंत चार पातळ्या आहेत. पहिलीत पानावर थोडेच शब्द, चित्र मोठं. तिथूनच सुरुवात करा. मी घाईनं तिसरीतली घेतली, तर लहाना अर्ध्यात झोपला. आता मधेच थांबून विचारतो, पुढं काय होईल सांग? परवा त्यानंच मला थांबवलं, "बाबा, थो वाघ काऊन पयाला?" अर्धा तास त्यावरच गेला, गोष्ट राहिली तशीच. मला तेच फार आवडलं.

मोबाइलचा पडदा मात्र दोन पोरांना पुरत नाही, ओढाताण होते. म्हणून आवडत्या गोष्टींच्या झेरॉक्स काढून सुईदोऱ्यानं शिवल्या. लेक आता त्यातून आजीला वाचून दाखवते. आजीला अक्षरओळख नाही, पण कापूस वेचून आली की हातपाय धुऊन आधी तिच्याजवळ बसते.

पाचपैकी पाच. आज रात्रीच एक गोष्ट उतरवा.