डेंग्यू: एनएस१ की आयजीएम?

फोंड्याच्या वहिनीचा काल फोन: "भावजी, पोराला ताप आहे. लॅबवाला विचारतो, कुठली टेस्ट करू?" मी विचारलं, ताप कधीपासून? सगळं त्यावरच आहे.

एनएस१ विषाणूचंच प्रथिन शोधते. पहिल्या ५ दिवसांत उपयोगी, पुढे हुकू शकते. आयजीएम शोधते प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं. ती साधारण पाचव्या दिवसापासून दिसतात, पण २-३ महिने रेंगाळतात. म्हणजे चतुर्थीच्या साध्या तापाला जुलैतला डेंग्यू चिकटू शकतो! दोन्हींसाठी झटपट कार्डापेक्षा एलायझा (लॅबमध्ये यंत्रावर होणारी तपासणी) भरवशाची, थांबावं लागलं तरी.

ताप दोन दिवसांचा असेल तर एनएस१, आठवडा उलटला तर आयजीएम. वहिनीच्या पोराचा पाचवा दिवस, म्हणून दोन्ही करायला सांगितल्या. पोटात जोराने दुखलं किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर रिपोर्टची वाट न बघता इस्पितळ गाठा.