माटुंग्याच्या पुलाखालची बाग: भर पावसात चालायला हक्काची जागा

सासूबाईंना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. पण पावसाळ्यात मुंबईत वयस्कर माणसाने चालायचं कुठे? फुटपाथ निसरडे, मैदानात चिखल. डॉ. आंबेडकर रस्त्यावर, किंग्ज सर्कलच्या उड्डाणपुलाखालच्या नानालाल डी. मेहता उद्यानाने आमचा हा प्रश्न सोडवला. डोक्यावर अख्खा पूल, त्यामुळे छत्री मिटून चालता येतं.

पुलाखालच्या मोकळ्या जागेचं मुंबईत काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. आधी गाड्या लागतात, मग टपऱ्या येतात, मग कचरा. इथल्या रहिवाशांनी ‘वन माटुंगा’ (One Matunga) या नावाने एकत्र येऊन आधी ती जागा राखली, रखवालदार ठेवले आणि पालिकेकडे पाठपुरावा करत राहिले. 2016 मध्ये बाग खुली झाली. त्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार.

वाट साधारण 600 मीटरची. सरळसोट नाही, नर्मदेच्या पात्रासारखी वळणं घेत जाते, रंगही निळा. सासूबाईंच्या माहेरी परिक्रमा केलेली माणसं आहेत. पहिल्यांदा त्या निळ्या वाटेपाशी थबकल्या.

“अगं, चपला काढू का?”

“राहू द्या हो आई, गुडघे दुखतील.”

तरी वाकून नमस्कार करूनच त्यांनी पाऊल टाकलं. आता वळणावळणाने त्यांचं चालणं बरंच होतं. शेवटचं टोक समोर दिसत नाही, म्हणून ‘अजून एवढं राहिलं?’ असं मनात येत नाही.

त्रास एकच, पण मोठा: दोन्ही बाजूंनी वाहता रस्ता. संध्याकाळी हॉर्नमुळे बोलताना आवाज चढवावा लागतो, धूरही जाणवतो. दमा असेल तर सकाळी लवकर जा. झाडांनाही हे सोसावं लागतंच. कडेच्या रोपांची पानं पावसाची तिरकी सर धुऊन काढते, पण आतल्या पानांवर बोट फिरवलं की काळी धूळ लागते. पुलाच्या आडोशाला पाऊस पोचत नाही, म्हणजे जुलैतही त्यांना हाताने पाणी घालावं लागणार. पाण्यासोबत पानंही धुतली जावीत, एवढीच माझी मागणी.

मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी माटुंगा स्टेशनला पूर्वेला उतरावं, हार्बरवाल्यांना किंग्ज सर्कल जवळ. बाग रस्त्याच्या मधोमध आहे, तेव्हा सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर सिग्नल लागल्याशिवाय रस्ता ओलांडू नका.