शिडीचं मचाण, साडेपाच महिन्यांनी: हरणांच्या माजाच्या दिवसांत काय कामी आलं, काय नाही

ऑगस्टमध्ये हरणांच्या शिकारीसाठी घेतलेलं शिडीचं ट्री-स्टँड गेल्या आठवड्यात झाडावरून उतरवलं. उंची १७ फूट, वजन ६५ पौंड, एका माणसाची बैठक, क्षमता ३०० पौंड. या ३०० पौंडांत थंडीचे कपडे, बूट, धनुष्य, पाठपिशवी सगळं मोजायचं असतं, फक्त स्वतःचं वजन नाही.

जागा अमेरिकेतल्या नैऋत्य विस्कॉन्सिनमधली, ड्रिफ्टलेस म्हणतात त्या डोंगराळ भागातली. ओळखीच्या शेतकरी आजोबांचं रान आहे, त्यांच्या परवानगीने बसतो. माझं गाव चंद्रपूरकडचं. रानडुकरांपासून धान राखायला माझ्या आजोबांबरोबर मी मचाणावर जागलीला बसलेलो आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली हौसेची शिकार बंद, त्यामुळे सावजासाठी मचाणावर बसणं मी इथेच शिकलो, रीतसर हंटर एज्युकेशनचा कोर्स करून.

सुरुवातीला स्टँड मक्याच्या शेताच्या कडेला लावलं. सप्टेंबरच्या मध्यात धनुष्याचा हंगाम उघडला तेव्हा ती जागा उत्तम वाटली. संध्याकाळी माद्या आणि पाडसं चरायला यायची. पण ऑक्टोबर संपत आला, नरांनी झाडांवर शिंगं घासल्याच्या आणि खुरांनी जमीन उकरल्याच्या खुणा रानभर दिसायला लागल्या, आणि शेताच्या कडेला मात्र दिवसाउजेडी एकही मोठा नर येईना.

कारण साधं आहे. दिवस लहान होत जातात तसा माज जवळ येतो, आणि इथल्या बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास माजावर येतात. एकेक मादी जेमतेम एक दिवस. त्या काळात नर चाऱ्याच्या नाही, माद्यांच्या मागे असतो. माद्या जिथे दिवसा बसतात त्या झाडोऱ्याच्या वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूने, डोंगरमाथ्याच्या थोडं खालून तो चालत जातो. एका फेरीत सगळ्या झाडोऱ्याचा वास त्याला मिळतो. मचाण त्या वाटेवर हवं, शेतावर नाही.

म्हणून २ नोव्हेंबरला मित्राला बोलावून स्टँड हलवलं. शिडीच्या स्टँडची सर्वांत मोठी अडचण इथे कळते. दोन माणसं, तीन तास, आणि रानात भरपूर आवाज. माजाचे दिवस मोजके, त्यातले पुढचे दोन दिवस आवाजामुळे वाया गेले. हे काम ऑगस्टमध्येच करायला हवं होतं. झाड जिवंत आणि सरळ ओक निवडलं. अ‍ॅशला हात लावू नका, किडीने ती झाडं इथे उभ्याउभ्या वाळली आहेत.

नवी जागा नरांच्या वाटेच्या खालच्या अंगाला, उतारावर होती. वायव्येचा वारा असला की माझा वास दरीकडे जायचा. पण वारा पडला आणि ऊन चढलं की उतारावरची हवा तापून वर सरकते, आणि वास थेट वाटेवर. हे तपासायला मी मिल्कवीडचा कापूस खिशात ठेवतो. आपल्या रुईच्याच कुळातली वनस्पती. लहानपणी जिला म्हातारी म्हणून फुंकायचो, तशीच ती तरंगत जाते. दोन दिवस सकाळी साडेनऊला ती वाटेकडे चढताना दिसली आणि मी मुकाट्याने खाली उतरलो.

उतारामुळे आणखी एक गोष्ट झाली. मी १७ फुटांवर, पण चढावरून येणारं हरीण जवळजवळ माझ्या डोळ्यांच्या रेषेत. मागे सीडरची दाट झाडं होती म्हणून मी दिसलो नाही. उघड्या खोडावर बसलो असतो तर उंचीचा काही उपयोग नव्हता.

९ नोव्हेंबर, सकाळी ११:४०. माजात दुपारी उठून जाऊ नये म्हणतात ते याचसाठी. नाक जमिनीला लावून नर आला, मी तोंडाने हलकंसं ‘म्यॅ’ केलं, तो थांबला. २० यार्डांवर, आडवा. अर्धा तास बसून राहिलो, मग माग काढला, ६० पावलांवर पडलेला होता. त्याआधी ६ तारखेला एक मादी अगदी शिडीच्या पायाशी उभी राहिली होती. तिच्यावर बाण सोडला नाही. सरळ वरून मारलं तर बहुधा एकच फुप्फुस सापडतं, आणि जनावर जखमी होऊन तासन्‌तास हाल सोसतं. नराचं डोकं सीडब्ल्यूडी या हरणांच्या जीवघेण्या रोगाच्या तपासणीला दिलं. विस्कॉन्सिनमध्ये हा रोग २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. अहवाल चांगला आल्यावरच मटण घरात शिजलं.

बैठक दिवसभर बसायला खरंच चांगली आहे, पाय अवघडत नाहीत. पुढचा आडवा दांडा बंदुकीला ठीक, धनुष्याला नडतो; मी काढून टाकला. सांध्यांना कापडी टेप गुंडाळेपर्यंत लोखंड कुरकुरायचं.

सोबत आलेला हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टे) वापरू नका असं म्हणणार नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. तो खोडाला बांधतो वर पोचल्यावर, आणि माणूस पडतो ते बहुतेक चढता-उतरताना. वरून खालपर्यंत लाइफलाइनचा दोर आणि प्रुसिक गाठ (दोरावर सरकणारी, झटका बसला की आवळणारी) वेगळी विकत घ्या. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी, बंदुकीच्या हंगामाच्या पहिल्या पहाटे, नारिंगी जाकीट घालून चढत होतो. पायऱ्यांवर हिमाचा थर होता. नववीवर पाय सटकला आणि दोन्ही हात सुटले. गाठ आवळली, मी फूटभर खाली येऊन लटकलो. घरी बायकोला सांगताना हात थरथरत होते. बंदूक खालीच होती, रिकामी, दोरीला बांधलेली. ती नेहमी वर बसल्यावरच ओढून घ्यायची.

उतरवताना पाहिलं तर खारींनी गादीचा एक कोपरा आणि मागचा एक पट्टा कुरतडला होता. पट्टे सगळे बदलतोय, दोन मागवलेत. गादी यापुढे घरी आणणार. आणि शेताच्या कडेसाठी दुसरी शिडी घेईन, म्हणजे ही ओकवरची नोव्हेंबरात हलवावी लागणार नाही.