फोमचे इअरप्लग: दिवसा झोपणाऱ्यांसाठी रिव्ह्यू (आणि थोडं चिडचिडीबद्दल)

नाइट ड्युटी करून दिवसा झोपत असाल तर हे प्लग बिनधास्त विकत घ्या, एवढंच हवं असेल तर पुढे वाचू नका. साधे केशरी फोमवाले आहेत, ऑनलाइन डबी मिळते, महाग अजिबात नाहीत. डबीवर आवाज ३३ डेसिबलने कमी होतो असं छापलंय पण तो लॅबमधला आकडा, घरी नीट बसवले नाहीत तर निम्मेही पदरात पडत नाहीत. हात धुवून बोटांत वळून वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट तसंच ठेवायचं, अर्धा मिनिट तरी. लोक नुसते कोंबतात आणि मग म्हणतात पैसे पाण्यात गेले.

आता मी ते कशासाठी घेतले ते सांगते. मी नर्स आहे, सकाळी घरी येऊन झोपते आणि दिवसा आमच्या बिल्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला, कुरिअरची बेल आणि वरच्या मजल्यावर कायम कोणाचं तरी रिनोव्हेशन. तास मोजले तर झोप बऱ्यापैकी व्हायची पण सगळी तुकड्या-तुकड्यात, आणि उठल्यावर लेकाने दप्तर सोफ्यावर टाकलं तरी अंगावर धावून जायचे. नवरा म्हणायचा तुझा स्वभावच तापट झालाय. स्वभावबिभाव काही नाही हो, नीट न झोपलेल्या मेंदूचं काम आहे ते!

२००७ मध्ये झोपेवर संशोधन करणारे मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या टीमने २६ जणांवर प्रयोग केला, त्यातल्या काहींना साधारण ३५ तास जागं ठेवलं आणि मग सगळ्यांना एमआरआयमध्ये झोपवून साध्यापासून ते अंगावर येणाऱ्या अशा फोटोंची मालिका दाखवली. मेंदूत अमिग्डाला म्हणून बदामाएवढा भाग असतो, धोका दिसला की आधी तो पेटतो. वाईट फोटो बघताना जागलेल्यांचा अमिग्डाला झोपलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त पेटला. आणि कपाळामागचा जो प्रीफ्रंटल भाग त्याला एरवी सांगत असतो की गप्प बस, एवढं काही झालेलं नाही, त्याच्याशी असलेलं कनेक्शनच ढिलं पडलं होतं. उलट नॉरअ‍ॅड्रेनलिन हे शरीराला सतर्क करणारं रसायन सोडणाऱ्या ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) भागाशी जास्त जुळलेलं. म्हणजे दप्तर तेवढंच, आवरणारा गैरहजर.

गंमत म्हणजे हे फक्त रागाचं नाही. त्याच गटाने २०११ मध्ये दाखवलं की जागलेल्या माणसाला चांगले फोटोही जरा जास्तच चांगले वाटतात, बक्षीस मिळाल्यावर खूश होणारे भागही जास्त चालतात. पहाटे चारला ड्युटी रूममध्ये आम्ही कसल्याही फालतू जोकवर पोट दुखेपर्यंत हसतो ते मला तेव्हा कळलं.

पण माझ्या कामाचा अभ्यास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा, २०१५ चा. ६२ निरोगी माणसं, ३ रात्री. काहींना मधेमधे उठवलं, काहींना उशिरा झोपू दिलं पण सलग, आणि काहींना नेहमीसारखं झोपू दिलं. दुसऱ्या रात्रीनंतर उठवलेल्यांचा चांगला मूड ३१ टक्क्यांनी उतरला, उशिरा झोपलेल्यांचा १२. सारखं उठवल्यामुळे गाढ झोपेचा टप्पाच नीट लागत नव्हता. म्हणून मी म्हणते की दिवसा झोपणाऱ्याने आधी झोप सलग कशी होईल ते बघावं, तास नंतर.

तिथे हे प्लग खरंच कामाला येतात. शिट्ट्या, बेल, बोलणं, जिन्यातल्या चपला, सगळं लांब जातं. ड्रिल मात्र भिंतीतून पलंगात येतं आणि डीजेचा बास तर छातीत वाजतो, त्यावर फोमचा इलाज नाही, विसर्जनाच्या आठवड्यात अपेक्षाच ठेवू नका. चिडचिड गेली का? बरीच. सलग नाइट लागल्या की शेवटी शेवटी परत येतेच, कारण शरीराचं घड्याळ दिवसा झोपायला तयारच नसतं, त्याला प्लग काय करणार.

कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. मळ जास्त होत असेल तर तो आत ढकलला जातो. फोम धुवून वापरायच्या भानगडीत पडू नका, मळकट किंवा कडक झाला की फेकायचा. घरी तान्हं बाळ असेल आणि तुम्ही एकट्याच असाल तर नको. अलार्म ऐकू येत नाही, मी व्हायब्रेट होणारा बँड मनगटाला लावते.

पाचपैकी चार स्टार. दोरीवाले घेऊ नका, कुशीवर वळलं की दोरी मानेखाली अडकते आणि प्लग निघतो.