कोड तीनवरून पाचवर गेला आणि मी मान डोलावली

गाडीच्या दुरुस्तीत ₹१,०४,७०० गेले. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण घरी तो अजून पूर्ण सांगितलेला नाही. बायकोला साठ हजार माहीत आहेत. ती हे वाचणार नाही अशी आशा आहे.

दुसरी लाज अशी की मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे. चिंचवडच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली, त्यातली नऊ क्वालिटीत. तक्रार आली की मूळ कारण कसं शोधायचं हे मी नव्या पोरांना शिकवतो. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर कँटीनमध्ये विषय काढू नये.

गाडी २००८ ची. दोन दारं, पेट्रोल, एका रांगेत सहा सिलिंडर, अडीच लिटर. मेक सांगत नाही. पुण्यात अशा गाड्या इतक्या कमी आहेत की नाव घेतलं तर मी कोण आणि गॅरेज कुठलं दोन्ही उघडं पडेल, आणि वकिलांनी ते सध्या नको म्हणून बजावलंय. २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली. महिन्यातून दोनदा पहाटे बाहेर काढतो. दुसरं कसलं व्यसन नाही हो मला.

जुलैत ताम्हिणीहून परतताना चांदणी चौकाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि इंजिन थरथरायला लागलं. मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेटत नाही. ॲक्सिलरेटर दिला तर झटके, सोडला तर सीटखाली गिरणी. चेक इंजिनचा लाइट लुकलुकायला लागला. हा लाइट स्थिर असेल तर हळूहळू घर गाठता येतं. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा डबा) जाऊन तो जाळतंय, म्हणजे गाडी बाजूला घ्यायची आणि बंद करायची. मी तेच केलं. टोइंगचे ₹३,२०० गेले. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

गॅरेज एका मित्राच्या मित्राने सुचवलं. काचेची केबिन, मशीनची कॉफी, बाहेर दोन महागड्या गाड्या झाकून ठेवलेल्या. मालक पस्तिशीचा, बोलायला साखर. "सर, तुम्ही स्वतः इंजिनीअर, तुम्हाला काय सांगणार आम्ही." या एका वाक्यावर मी किती पैसे दिले याचा हिशेब पुढे येतोच आहे. स्कॅनर लावला, पी०३०३ हा कोड आला. म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर पेटत नाहीये, बाकी पाच ठीक. तो म्हणाला, सोळा वर्षांची गाडी, एक बदलून काय होणार, सगळे प्लग आणि सगळ्या कॉइल एकदम टाकू. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग, दर सिलिंडरला एक. वावगं काही नव्हतं त्यात. तुम्हीही हो म्हणाला असतात.

पहिला हिशेब: स्कॅनिंग ₹१,५००, सहा प्लग ₹६,९००, फिटिंग ₹१,२००, सहा कॉइल 'ओरिजिनल' ₹३२,४००, इंजेक्टर क्लीनिंग ₹७,५००. एकूण ₹४९,५००. लेटरहेडवर, वर 'एस्टिमेट' लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. "पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर लागतील, सर." कोण म्हणेल हवं? मी जुने पार्ट मागितले होते, खरंच मागितले होते. उत्तर मिळालं, "कॉइल कंपनीला परत द्याव्या लागतात, त्याशिवाय हा रेट मिळत नाही." स्टार्टर-अल्टरनेटर परत घेतात, ते दुरुस्त होतात. जुनी कॉइल म्हणजे राळेत ओतलेली तार. ती परत घेऊन कोण लोणचं घालणार आहे? जुने पार्ट काम सुरू व्हायच्या आधीच मागून ठेवा, आणि त्यांच्यावर पेंटचा एकेक ठिपका देऊन ठेवा. मालकाचं तोंड कसं होतं तेवढं बघा.

सकाळी गार इंजिनावर गाडी रेशमासारखी चालली. तिसऱ्या दिवशी कर्वे रस्त्यावर, चाळीस मिनिटांनी, पुन्हा तीच गिरणी.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

गाडी परत नेली. कोड तोच, पी०३०३. मालक फोनवर होता, तेवढ्यात फिटरच्या हाताखालच्या पोऱ्याने, असेल वीसेक वर्षांचा, कुणी न सांगता तीन नंबरची कॉइल काढली आणि पाच नंबरच्या कॉइलशी अदलाबदल केली. कोड उडवला, इंजिन चालू करून तापू दिलं. मी बाजूलाच उभा होतो. दहा-बारा मिनिटांत इंजिन थरथरलं आणि पोऱ्या ओरडला, "शेठ, पाच आला!" पी०३०५.

कॉइल हलली, तसा कोड तिच्या मागे गेला. याहून सोपी, याहून पक्की, याहून फुकट चाचणी मिसिंगला नाही. पोऱ्याने बारा मिनिटांत उत्तर माझ्या हातात ठेवलं होतं. कॉइल खराब. आणि कॉइल खराब असेल तर तीन दिवसांपूर्वी ₹५,४०० ला घेतलेली ती नवी नव्हेच. एका ओळीत दोन्ही गोष्टी.

मालकाने फोन खिशात टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि मान हलवली. "बघा सर. मघाशी तीन सांगत होतं, आता पाच. कॉइल तर नव्या आहेत. ईसीएम गेलंय, काहीही सांगतंय."

आणि मी मान डोलावली.

हा क्षण मी गेले दोन महिने अंथरुणात पडल्या पडल्या पाहतो. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, अंदाज करत नाही. क्रँकचा, म्हणजे सिलिंडर ज्याला फिरवतात त्या दांड्याचा, वेग मोजतं. एखादा सिलिंडर पेटला नाही की त्याच्या पाळीला क्रँक केसभर मंदावतो, आणि पाळी कुणाची होती हे १-५-३-६-२-४ या क्रमावरून ओळखून ते बोट दाखवतं. तीन नंबरला ठिणगीचा हुकूम देणारं ईसीएमचं सर्किट बिघडलं असतं, तर कॉइल कुठलीही लावा, कोड तीनवरच बसून राहिला असता. तो पाचावर गेला याचा अर्थ ईसीएम शहाण्यासारखं काम करत होतं. मला हे माहीत होतं. मान डोलावताना 'कॉइल तर नव्या आहेत' एवढंच डोक्यात होतं, आणि तेवढंच त्याने माझ्या डोक्यात ठेवलं होतं. पोऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो पाना पुसायला लागला. त्या नजरेचा अर्थ तेव्हा कळला असता तर बावन्न हजार वाचले असते.

हो, बावन्न. ईसीएम रिपेअरिंग ₹४६,०००, कोडिंग ₹६,०००. 'मुंबईला पाठवावं लागेल.' पैसे यूपीआयने, गॅरेजच्या नावावर नाही, त्याच्या मेहुण्याच्या. 'चालू खात्याचा प्रॉब्लेम आहे, सर.' दुकानाच्या खात्यावर पैसे घेत नसेल तर गाडीची किल्ली खिशात घालून चालू पडायचं, विचार करत बसायचं नाही. मी अकरा दिवस थांबलो. गाडी आली, दोन दिवस पावसात गार-गार चालली, आणि ऊन पडल्या दिवशी पुन्हा थरथरली.

यावर त्याचं म्हणणं, "कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन खोलावं लागेल. ₹१,८५,०००." गेज लावून दाखव म्हटलं. "विश्वास नसेल तर घेऊन जा गाडी." तेवढं मात्र मी ऐकलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासणं हे प्लग काढून गेज लावायचं काम आहे, फार तर तासाभराचं. गेज न लावता जो हा शब्द उच्चारेल, त्याला तिथेच नमस्कार.

भोसरीत एक जुने मिस्त्री आहेत. पत्र्याची शेड, कॉफी नाही. त्यांनी सहाही कॉइल काढून फडक्यावर ओळीने मांडल्या आणि चष्मा कपाळावर नेला. प्रत्येकीवर छापलेली तारीख २००७ ची. माझ्या गाडीच्या जन्माआधीची. नुसत्या पुसून चकचकीत केलेल्या. प्लग हातात घेऊन म्हणाले, "नवे? घासून गोल झालेत हे." ईसीएमच्या डब्याचे स्क्रू अजून कंपनीच्या रंगात होते. पाना लागलाच नव्हता त्यांना. कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरला जवळजवळ सारखं. मग पाच नंबरची कॉइल उचलून तिचा रबरी बूट, म्हणजे प्लगवर बसणारी टोपी, दाबला. तेलाने फुगून मऊ झाला होता.

"साहेब, ही पाचात बसलीय, पण पाचाचं भोक कोरडंय. तेल तीनात आहे. ही तिकडून उठून आलीय."

टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळत होतं, तेल तीन नंबरच्या प्लगच्या खड्ड्यात उतरत होतं, बूट कुजला होता आणि कॉइल तापली की ठिणगी प्लगऐवजी भलतीकडे उडत होती. एक कॉइल ₹४,६५०, पॅकिंग ₹३,८००, सहा प्लग ₹५,१००, मजुरी ₹२,५००. ₹१६,०५०. जुने पार्ट न मागता पिशवीत घालून दिले.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "बाहेर कुणीतरी बदलल्या असतील." पोऱ्या दिसला नाही.

मग पोलीस. पहिल्या चौकीत हवालदारांना आधी गाडी बघायची होती. मोबाइलमधला फोटो तीन टेबलं फिरून आला. "एवढी गाडी फिरवता अन् लाखासाठी येता होय?" गॅरेज दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे म्हणाले पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. तिथे विचारलं, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना? मग सायबर कसं?" परत दुसऱ्या चौकीत. "ही दिवाणी बाब आहे." न लावलेल्या सहा कॉइलचे पैसे घेणं दिवाणी! ४२० लावा म्हटलं तर "ते आता ३१८ झालं, साहेब" ही दुरुस्ती मात्र तत्काळ झाली. बरोबर आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम पाठ आहे, लावायचं कुणी? चार फेऱ्या, दोन अर्ज, एक शिक्का. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, पक्कं बिल आहे का? जणू फसवणारा पावती फाडून देतो: 'न बदललेल्या कॉइल, सहा नग.' एका टोल-फ्री नंबरवरही तक्रार नोंदवली. नवव्या दिवशी मेसेज आला, आपली तक्रार निकाली निघाली आहे. कुणी विचारलं नाही, काही झालं नाही, पण निघाली.

वकिलांनी दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, म्हणजे 'बिल नाही' हे माझं लंगडेपण नाही, त्याचं आहे. आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. यूपीआयच्या नोंदी, एस्टिमेटचा कागद, मिस्त्रींची लेखी टिपण आणि कॉइलवरच्या तारखांचे फोटो जोडले आहेत. स्कॅनरच्या पडद्याचे फोटो असते तर आणखी बरं झालं असतं. तीन आणि पाच, दोन्ही. पंधरा सेकंदांचं काम होतं आणि मोबाइल हातातच होता, मी त्यावर पावसाचा अंदाज बघत होतो.

मंगळवारी चौकीतून फोन आला. अर्ज निकाली काढलाय, येऊन सही करून जा. ठेवता ठेवता म्हणाले, "येताना ती गाडी घेऊन या, साहेब. पोरांना बघायचीय."